नरम शिसं आणि थ्री-नॉट-थ्रीची नळी

तुकोबांच्या पालखीचा बंदोबस्त असो, मतदान केंद्र असो की तहसील कचेरीवरचा मोर्चा, बारामती-इंदापूर भागातल्या चाळिशी ओलांडलेल्या माणसाला खांद्यावर थ्री-नॉट-थ्री घेतलेला पोलीस हमखास आठवतो. लाकडी दस्ता, चार किलोच्या आसपास वजन आणि हाताने मागेपुढे ओढायचा बोल्ट. ली-एनफिल्ड घराण्यातली ही रायफल इंग्रजांनी १९०७ साली ज्या रूपात आणली, जवळजवळ त्याच रूपात ती दोन महायुद्धं लढली. बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्यात ती पुढे अनेक वर्षं बनत राहिली. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या सीएसटी स्थानकावर पोलिसांच्या हातात तीच होती. तिची काडतुसं आपल्याच पुणे जिल्ह्यात, खडकीच्या दारूगोळा कारखान्यात तयार होत.

कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, अमेरिका अशा देशांत ही रायफल आता हौशी नेमबाजांकडे आहे. तिथला कायदा परवानगी देत असल्याने त्यातले काही जण घरी शिसं वितळवून तिच्यासाठी गोळ्या ओततात. नवशिक्याला त्यात ठरलेली अडचण येते. गोळी भलतीकडे जाते आणि नळी आतून शिशाने माखते. शंभर-दीडशे वर्षांपूर्वी जे काम चुलीजवळ बसून होत असे, ते या रायफलीला का मानवत नाही? याचं उत्तर शिशाच्या नरमपणात आहे. शिसं नरम म्हणून त्याची गोळी झाली, नरम म्हणूनच ती नळीत घट्ट बसली आणि नरम म्हणूनच पुढे तिला तांब्याचं कवच चढवावं लागलं. शिसं मातीत, पाण्यात आणि रक्तात जे नुकसान करतं, त्यातही या नरमपणाचा वाटा आहे.

चुलीवर वितळणारा धातू

लोखंड वितळायला १,५३८ अंश सेल्सिअस तापमान लागतं, तांब्याला १,०८५. शिसं ३२७ अंशांनाच पातळ होतं. त्याला ना भट्टी लागते, ना भाता; लाकडाचा चांगला जाळ पुरतो. वजनाचा हिशेबही त्याच्याच बाजूचा. एक घन सेंटिमीटर लोखंड आठ ग्रॅमच्या आत भरतं, तेवढंच शिसं ११.३४ ग्रॅम. आकार लहान आणि वजन जास्त असलेली गोळी हवेतून जाताना वेग कमी गमावते, म्हणून ती लांबवर जोर राखून पोचते. भारतात राजस्थानातल्या जावरच्या खाणी शिसं-जस्तासाठी प्राचीन काळापासून प्रसिद्ध होत्या. पुढे युरोपीय कंपन्यांची जहाजं पश्चिम किनाऱ्यावर जो माल उतरवत, त्यातही शिसं असे.

पुणे, सुपे आणि इंदापूर हा भोसल्यांच्या जहागिरीचा मुलूख. मालोजीराजे सतराव्या शतकाच्या सुरुवातीला इंदापूरच्या लढाईत पडले. त्या सुमारास दख्खनच्या फौजांत तोड्याची बंदूक रूढ झाली होती. तिची नळी आतून गुळगुळीत असे. तोंडातून दारू ओतायची, त्यावर गोळी सोडायची, गजाने ठासायची, कानाशी बारीक दारू ठेवायची आणि पेटती जामगी तिथे टेकवायची. सोरा, गंधक आणि कोळसा यांची ती काळी दारू.

गोळी ओतण्याचा साचा अडकित्त्यासारखा दोन पाकळ्यांचा. पाकळ्या मिटल्या की आत गोल पोकळी तयार होते आणि वर शिसं ओतायला लहानसं भोक राहतं. वितळलेल्या शिशावर राखाडी मळी जमते, ती बाजूला सारून खालचं चकचकीत शिसं पळीने घ्यायचं. साचा गार असेल तर पहिल्या काही गोळ्या सुरकुतलेल्या निघतात, कारण शिसं पोकळीत पूर्ण पसरण्याआधीच गोठतं. साचा तापला की गोळीचा पृष्ठभाग तुळतुळीत येतो. मग पाकळ्या उघडायच्या, गोळी बाहेर टाकायची आणि ओतण्याच्या भोकात गोठलेली शेंडी कापायची. आत हवेचा बुडबुडा राहिला तर गोळीचा तोल बिघडतो. तो वजन केल्याशिवाय कळत नाही, म्हणून जाणकार माणूस हलकी गोळी पुन्हा कढईत टाकतो.

त्या काळी बंदुकांची मापं एकसारखी नसत. कारागिराने नळी घडवली की तिच्या मापाचा साचा तिच्यासोबत यायचा. गोळी नळीपेक्षा जराशी लहानच ठेवत, कारण चार-सहा बार काढले की आत काजळीचा थर बसतो आणि नेमक्या मापाची गोळी खाली उतरत नाही. गोळ्या कुठेही ओतता येत. जपावी लागे ती दारू. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गडावरच्या दारूखान्याची जागा वस्तीपासून दूर असावी आणि दारू ठरावीक दिवसांनी बाहेर काढून तिला ऊन द्यावं, अशी ताकीद आहे. ओलसर हवेत दारू सर्द होते. शिशाला ती काळजी नाही.

एनफिल्डला चरबी का लागली

गुळगुळीत नळीतून सुटलेली गोल गोळी नळीच्या भिंतींना ठोकरत बाहेर पडते आणि शेवटचा धक्का जिकडचा लागेल तिकडे वळते. शंभर पावलांपलीकडे नेम धरणं अवघड असे ते यामुळेच. उपाय युरोपातल्या कारागिरांना आधीपासून माहीत होता. नळीत पेचदार खाचा पाडल्या की गोळी स्वतःभोवती फिरत निघते आणि फिरणारी गोळी आपली दिशा सोडत नाही. खाचांत रुतण्यासाठी मात्र गोळी नळीला घट्ट हवी, आणि घट्ट गोळी तोंडातून ठासत खाली न्यायला फार वेळ लागतो. लढाईत तेवढा वेळ कुठून आणायचा?

१८४०च्या दशकाच्या शेवटी फ्रान्सच्या क्लोद-एत्येन मिनिए या लष्करी अधिकाऱ्याने दिलेलं उत्तर सर्वत्र पसरलं. लांबट गोळी नळीपेक्षा किंचित लहान ठेवायची आणि तिची मागची बाजू पोकळ करायची. बार उडाला की वायूचा दाब त्या पोकळीत शिरतो, नरम शिशाचा घेर फुलतो आणि खाचांत जाऊन बसतो. ठासताना सैल, सुटताना घट्ट. हे शुद्ध, नरम शिशालाच साधतं. कडक धातू त्या दाबाने फुलला नसता.

याच तत्त्वावर १८५३ ची एनफिल्ड रायफल तयार झाली आणि कंपनी सरकारने ती हिंदी पलटणींना देण्याचं ठरवलं. तिचं काडतूस कागदाचं होतं. आत दारू, पुढे गोळी आणि गोळीकडच्या टोकाला चरबी. चरबीचं काम साधं होतं. काळ्या दारूची काजळी तिने मऊ राहते आणि शिसं नळीला घासून चिकटत नाही. चरबीवाचून ही रायफल थोड्याच बारांत तुंबली असती. ती चरबी गाईची आणि डुकराची आहे, ही बातमी छावण्यांतून पसरली आणि काडतूस दातांनी फोडायचं असल्याने हिंदू आणि मुसलमान दोन्ही शिपायांच्या धर्मावर घाला आला. २९ मार्च १८५७ ला बराकपूरला मंगल पांडे उभे राहिले, १० मे रोजी मेरठ पेटलं. उठावाला राजकीय आणि आर्थिक कारणं मोठी होती. तरी ठिणगी ज्या काडतुसाने पडली, त्यावर चरबी आली होती ती नरम शिशाला घट्ट नळीतून विनाअडथळा सोडण्यासाठी.

खडकी आणि खिळ्यांचं शिसं

खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ साली सुरू झाला. ज्या भागात १८१७ च्या नोव्हेंबरात पेशव्यांच्या फौजेने इंग्रजांशी लढाई दिली, तिथेच इंग्रजांनी आपल्या फौजेसाठी काडतुसं बनवायला घेतली. पुढच्या दशकात मार्टिनी-हेन्री रायफल आली. आता काडतूस पितळेचं होतं आणि मागून भरायचं होतं. गोळी अजून शिशाचीच, पण बारा भाग शिशाला एक भाग कथिल घालून कडक केलेली आणि कागदाच्या पट्टीत गुंडाळलेली. वेग सेकंदाला चारशे मीटरच्या आसपास गेला होता. नुसतं शुद्ध शिसं त्या वेगाला पुरेना, याची ही पहिली खूण.

शिशाला कडक करण्याची विद्या तेव्हा मराठी मुलखात आणखी एका धंद्यात रुजत होती. त्याच १८६९ साली जावजी दादाजींनी मुंबईत निर्णयसागर छापखाना काढला. छपाईचे खिळे शिसं, अँटिमनी आणि कथिल यांच्या मिश्रणाचे असतात. कथिलाने ओतीव धातू पातळ होऊन साच्याच्या बारीक कोपऱ्यात पोचतो. अँटिमनीने तो कडक होतो आणि गोठताना फारसा आकसत नाही, म्हणून वेलांटीचं टोक तुटक येत नाही. लायनोटाइप यंत्राच्या धातूत शंभरात सुमारे ८४ भाग शिसं, १२ भाग अँटिमनी आणि ४ भाग कथिल. शुद्ध शिशाचा कठीणपणा ब्रिनेल मापावर ५ च्या आसपास भरतो, या मिश्रणाचा २२ च्या. पाश्चात्त्य देशांत जुने छापखाने बंद पडले तेव्हा तिथल्या हौशी ओतकामवाल्यांनी हा धातू शोधून शोधून विकत घेतला, तो याचसाठी.

वेग वाढला, शिसं हरलं

१८८४ साली फ्रान्सच्या पॉल व्हिए यांनी बिनधुराची दारू तयार केली आणि सगळं गणित बदललं. ती काळ्या दारूपेक्षा कितीतरी जोमदार. गोळी बारीक करून वेग जवळपास दुप्पट करणं शक्य झालं. .३०३ चं, म्हणजे थ्री-नॉट-थ्रीचं, काडतूस १८८० च्या दशकाच्या शेवटी आलं, ते आधी दाबलेल्या काळ्या दारूचं. मग त्यात कॉर्डाइट ही बिनधुराची दारू भरू लागले. १९१० साली ठरलेल्या त्याच्या मार्क सात नमुन्याची गोळी सुमारे ११.३ ग्रॅमची, टोकदार, आणि तिचा वेग सेकंदाला ७४४ मीटर. ली-एनफिल्डच्या नळीतला पेच दर दहा इंचांना एक फेरा घेतो. म्हणजे ही गोळी नळीतून बाहेर पडते तेव्हा स्वतःभोवती सेकंदाला जवळजवळ २,९०० फेरे घेत असते.

उघड्या शिशावर या वेगाने काय ओढवतं ते बघू. गोळी क्षणार्धात शून्यातून पूर्ण वेगावर येते आणि त्याच वेळी खाचा तिला पिळतात. शिसं तेवढा पीळ सोसत नाही. गोळी खाचांच्या मागे फिरण्याऐवजी त्यांच्यावरून घसरत सरळ पुढे जाते. मागचा तप्त वायू कडेच्या फटीतून पुढे घुसतो, शिशाची कड वितळवतो आणि तो धातू नळीला चिकटवत जातो. पुढची गोळी त्या थरावरून जाते आणि आणखी बिघडते. यावर उपाय म्हणून स्वित्झर्लंडच्या एडुआर्ड रुबिन यांनी १८८२ च्या सुमारास शिशाच्या गाभ्यावर तांब्याचं कवच चढवलं. मार्क सात गोळीतही शिशाचा गाभा आहे, वर कठीण धातूचं आवरण आहे आणि टोकाच्या पोकळीत ॲल्युमिनिअमसारखा हलका ऐवज. त्यामुळे तिचं वजन मागच्या बाजूला राहतं.

गोळीच्या टोकाचं कवच काढलं तर आतलं शिसं अंगात शिरल्यावर फुलून भयंकर जखम करतं. कलकत्त्याजवळच्या डमडम कारखान्यात १८९० च्या दशकात कॅप्टन नेव्हिल बर्टी-क्ले यांनी अशी गोळी बनवली आणि तिने त्या गावाचं नाव जगभर नेलं. १८९९ च्या हेग परिषदेत अशा फुलणाऱ्या गोळ्या युद्धात वापरण्यावर बंदी आली.

आता परदेशातल्या हौशी माणसाची अडचण नीट समजते. .३०३ हे नळीतल्या उंचवट्यांमधलं अंतर. खाचांच्या तळाशी मोजलं तर जुन्या ली-एनफिल्डची नळी .३११ पासून .३१५ इंचांपर्यंत काहीही भरते, कारण महायुद्धात लाखोंनी बनलेल्या आणि दशकानुदशकं झिजलेल्या या नळ्या आहेत. कवचाची गोळी जरा सैल असली तरी मोठ्या दाबाखाली निभावून नेते. शिशाच्या गोळीला सैलपणा अजिबात चालत नाही. म्हणून तिथले लोक आधी नळीचं खरं माप घेतात, गोळी त्याहून केसभर मोठी ठेवतात, मिश्रण कडक करतात, बुडाशी गॅस चेक नावाची तांब्याची पातळ वाटी बसवतात, कडेच्या खोबणीत मेणाचं वंगण भरतात आणि शेवटी वेगही बराच उतरवतात. सरतेशेवटी .३०३ ची रायफल मार्टिनी-हेन्रीच्या वेगाच्या आसपास चालवली की शिसं पुन्हा नीट वागतं.

उघडं शिसं आजही जिंकतं

शिशाची उघडी गोळी संपलेली नाही. बारामतीच्या तुळजाराम चतुरचंद महाविद्यालयापासून गावोगावच्या शाळांपर्यंत एनसीसीचे छात्र .२२ रायफल चालवतात. तिच्या काडतुसातली गोळी शिशाचीच, वजन २.६ ग्रॅमच्या आसपास, वर मेणासारख्या वंगणाचा हात आणि वेग साधारण ध्वनीइतका. या वेगाला शिसं खाच नीट पकडतं, नळी झिजवत नाही आणि एका गोळीसारखी दुसरी पडते. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक मिळवलं, ते अशाच गोळीने. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतने २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनचं जगज्जेतेपद मिळवलं, तेही अशाच गोळीने.

आपल्याकडचा कायदा

भारतात घरी गोळ्या ओतून काडतूस भरणं हा छंद होऊ शकत नाही. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाचं कलम ५ परवान्याशिवाय शस्त्र किंवा दारूगोळा बनवायला मनाई करतं आणि काडतुसाचे सुटे भागही दारूगोळ्याच्या व्याख्येत येतात. २०१९ च्या दुरुस्तीने शिक्षा आणखी कडक झाली. .३०३ हे लष्करी माप असल्याने सामान्य परवानाधारकाला ते मिळत नाही. नागरिकांसाठी ईशापूरने .३१५ बोअरची वेगळी रायफल बनवली, म्हणजे लष्करी काडतूस तिच्यात चालू नये. तिच्या काडतुसावर बुडाशी दिसणारी इंग्रजी आद्याक्षरं, के आणि एफ, खडकीच्या कारखान्याची.

उसाच्या पट्ट्यात रानडुकरांचा त्रास नवा नाही. पीक राखण्यासाठी ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याची तरतूद याच अधिनियमाच्या कलम १३ मध्ये आहे. परवाना बंदुकीचा असतो, शिकारीचा नव्हे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यापुढे त्या परवान्याची मर्यादा स्पष्ट आहे.

गोळी सुटल्यानंतर

घरी शिसं वितळवण्याचा धोका कायद्यापुरता नाही. वितळताना उठणारी बारीक धूळ आणि मळी हातावर, कपड्यांवर, जमिनीवर बसते आणि तिथून लहान मुलांच्या तोंडात जाते. रक्तात किती शिसं चालेल याची सुरक्षित पातळीच नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. मुलांच्या मेंदूची वाढ त्याने खुंटते.

पाणपक्ष्यांची गोष्ट आपल्या भागाला जास्त जवळची आहे. १९८० मध्ये उजनीचं धरण पुरं झालं आणि भिगवण, कुंभारगाव, डाळजच्या पाणथळीवर रोहित, पट्टकदंब, चक्रवाक उतरू लागले. बदकं दाणे दळण्यासाठी बारीक खडे गिळून पेषणीत साठवतात. चिखलात पडलेला शिशाचा छर्रा त्यांना खड्यासारखाच वाटतो. दगड सावकाश झिजतो, पण नरम शिसं पेषणीत घासून, आम्लात विरघळून रक्तात उतरतं आणि मोजके छर्रेही पक्ष्याला मारतात. हे ओळखून अमेरिकेने १९९१ पासून पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाचे छर्रे बंद केले आणि युरोपीय संघाने २०२३ पासून पाणथळ जागी. शिकार केलेल्या जनावरात फुटून पसरलेले शिशाचे कण खाऊन कॅलिफोर्नियात काँडोर गिधाडं मरत होती. तिथे २०१९ पासून शिकारीत शिशाच्या गोळ्या चालत नाहीत. सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्यात आणि इंदापूरच्या कडबनवाडीच्या माळावर चिंकारा, लांडगा, तरस टिकून आहेत. तिथे बंदूक वाजू नये याला जीव वाचवण्यापलीकडे हेही कारण आहे.

राहिला प्रश्न जुन्या साच्यांचा. दसऱ्याला सुपे-इंदापूरकडच्या जुन्या घरांत तलवार, दांडपट्टा पुजला जातो. ठासणीची बंदूकही एखाद्या भिंतीवर असते. तिच्याबरोबरचा साचा, बारूददान आणि गज मात्र भंगारात जातात, कारण ते शस्त्र वाटत नाहीत. वास्तविक प्रत्येक नळीचं माप वेगळं होतं आणि साचा त्या एकाच नळीचा होता. नळी गंजून फुगली, कापली गेली तरी साच्यावरून तिची गोळी किती वजनाची होती आणि ती बंदूक कुठल्या कामाची होती, हे आजही मोजून काढता येतं. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जुनी शस्त्रं आणि बारूददानं जपली आहेत. घरात असा साचा निघाला तर त्यात शिसं ओतू नये आणि भंगारवाल्यालाही देऊ नये. तो कोणत्या घरातला, कोणत्या बंदुकीचा हे लिहून, फोटो काढून, पोलीस ठाण्यात नियम विचारून संग्रहालयाकडे सोपवावा. दख्खनच्या बंदुकांबद्दल आपल्याकडे लिखित नोंदी तोकड्या आहेत. ती उणीव भरून काढायला हे साचेच उपयोगी पडतील.